म्हशीचा फ्लश

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांशी धड भांडताही येत नाही. कचरा कुणी टाकला, गाडी कुणी घासली, काहीही विचारा, चष्मा पुसत म्हणतात, "पुरावा आहे का?" पाणी तपासायच्या लॅबमध्ये जन्म काढला की असं होत असावं.

सोसायटीमागच्या ओढ्याला संडासासारखा वास मारू लागला, तेव्हा आरे कॉलनीच्या बाजूचा म्हशींचा तबेला हटवा, अशी तक्रार मी सेक्रेटरी या नात्याने लिहिली. सगळ्यांनी सह्या केल्या, या समोरच्यांनी नाही. तबेलेवाला रोज गेटवर यायचा. "मॅडम, म्हशी घेऊन जाऊ कुठे?"

रविवारी या गृहस्थांनी स्वतःच्याच संडासात हिरवा रंग ओतला आणि आम्हाला ओढ्यावर नेलं. थोड्या वेळाने आमच्याच बिल्डिंगच्या फुटक्या पाइपातून हिरवंगार पाणी ओढ्यात पडू लागलं.

"म्हशी हिरवंच खातात ना!" चेअरमन म्हणाले.

"खातात. पण माझा फ्लश वापरत नाहीत."

मी तक्रार फाडली आणि प्लंबरला फोन लावला. समोरचे गृहस्थ मात्र थेट तबेल्यात शिरले. तबेलेवाला हात जोडून पुढे आला. त्याला वळसा घालून ते पहिल्या म्हशीपाशी थांबले आणि म्हणाले, "सोसायटीतर्फे सॉरी हां."