डोंग्याच्या कडेवरचा पांढरा डाग

ओंडका डोंग्यावर आदळल्याचा आवाज मला गावच्या घरात ऐकू आला. वैनगंगेला पूर होता. पुलावरून पाणी चाललं होतं आणि वरच्या जंगलातली लाकडं सकाळपासून वाहत येत होती.

मी चंद्रपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. काचेच्या फायबरचं आणि तागाचं कापड एकावर एक थरांनी रेझिनमध्ये बसवायचं, त्याच्या पत्र्यावर वजन आपटायचं आणि मार खाल्ल्यावर त्यात किती जोर उरला ते तपासायचं, हे माझं काम. अशाच थरांचा एक डोंगा, नदी ओलांडायची लहान होडी, मी आमच्या गावासाठी करून दिला होता. तो भाऊ चालवायचा.

मी काठावर पोचले तोवर भाऊ डोंग्यावरून हात फिरवत होता.

"काई नाई झालं, बाई. पांढरा टिपका पडला, बस."

कडेच्या थोडं खाली नखाएवढा डाग होता. पण लाकूड मोडतं तसं हे मोडत नाही. वरचा काचेचा थर गुळगुळीत राहतो आणि आतले तागाचे थर एकमेकांपासून सुटतात. मी रुपयाचं नाणं घेऊन ठोकत गेले. टण, टण, टण. डागाजवळ आल्यावर ठप. मी कोळशाने रेघ मारत गेले. आत सुटलेला भाग परातीएवढा निघाला.

"हा आता पाण्यात नाई घालायचा," मी म्हणाले.

तेवढ्यात आई धावत आली. वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरले नव्हते, आणि रक्त जात होतं. अँब्युलन्स पलीकडच्या काठावर येऊन थांबणार होती. गावातला लाकडी डोंगा पुराने आधीच नेला होता.

भाऊ माझ्याकडे वळला. "सांग ना. जाते का नाई जात हा?"

मला माहीत नव्हतं. कॉलेजात मी पत्रा मोडेपर्यंत दाबते आणि मग आकडा सांगते. इथे मोडायच्या आधी सांगायचं होतं. डोंग्याच्या मध्ये वजन आलं की दोन्ही टोकं उचलली जातात, कड दाबली जाते, आणि सुटलेले थर दाबाखालीच फुगून मोडतात. एवढं मात्र कळत होतं.

"बांबू आण," मी म्हणाले. "लांब, हिरवे."

मोडलेल्या हाताला खपच्या बांधतात तसे आम्ही दोन्ही कडांना आतून-बाहेरून बांबू आवळले. वहिनीला तळाशी लांब निजवलं. आई मागे लागली, तिला मी येऊ दिलं नाही. भाऊ टोकाला वल्हं घेऊन बसला, मी वहिनीशेजारी, एक तळहात कोळशाच्या रेघेवर.

मधल्या धारेत लाट आडवी आली. माझ्या हाताखाली कट् झालं. बारीकसं, सुकी काडी मोडावी तसं. मग पुन्हा. पांढरा डाग रेघेकडे पसरला.

"कायचा आवाज हाये?" वहिनीने विचारलं.

"बांबू करकरून राह्यले," मी म्हणाले. भाऊला ओरडले, "लाट अंगावर घेऊ नको! धारेसंगं जाऊ दे, खाली लागलो तरी चालते!"

त्याने वल्हं वळवलं. डोंगा तिरपा वाहू लागला. बोटांखाली थर हलताना मला जाणवत होते. वहिनीने माझं दुसरं मनगट इतकं दाबलं होतं की हात बधिर झाला. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

घाटाच्या बरंच खाली आम्ही काठाला लागलो. अँब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन चिखलातून पळत आले आणि भाऊ वहिनीसोबत गेला.

मी डोंग्यापाशी उरले. आमच्या गावाच्या काठाला जायला थांबलेली माणसं भोवती जमली. कुणाची लेकरं तिकडे होती, कुणाची म्हातारी.

"चाला, आमाले सोडा," एक जण म्हणाला.

"नाई. हा मोडला हाये."

"आता तं आला! घरची बाई आणाले चालते, आमाले काऊन नाई चालत?"

एकाने वल्हं उचललंसुद्धा. त्यांना दाखवायला माझ्याकडे एक डाग आणि कोळशाची रेघ होती. मी बांबूचे दोर सोडले, डोंगा कुशीवर पाडला आणि कडेवर उभी राहून जोर दिला. कड कागदासारखी दुमडली. आतला ताग ओल्या झाडूसारखा बाहेर आला.

ज्याने वल्हं उचललं होतं त्याने ते जमिनीवर ठेवलं.

संध्याकाळी भाऊचा फोन आला. मुलगी झाली, बारकी आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे, वहिनी बोलते आहे. मी चिखलातच बसले.

पूर ओसरेपर्यंत गावाला डोंगा नव्हता. काही घरं माझ्याशी अजून तुटक बोलतात. नव्या डोंग्याच्या कडेला मी तागाचे थर जास्त घातलेत, बाहेरून जाड रबर लावलंय, आणि भाऊ आता रोज सकाळी नाणं घेऊन ठोकतो.