आमचा निरोगी माणूस

मुकुंददादा, लॅबमधला माझा मानलेला भाऊ, आज पहाटे गेला. प्रोस्टेट कॅन्सरने.

हो, तोच. ज्याने उमेदीची सगळी वर्षं प्रोस्टेट कॅन्सरवर काम केलं, तोच.

सकाळपासून फोन वाजतोय. प्रत्येकाचं एकच, "काहीतरीच काय सांगतेस!" मला तरी कुठे खरं वाटतंय? परवा व्हिडिओ कॉलवर मला म्हणत होता, "वृंदे, किती वाळलीस ग. जेवायलीस की नाही?" मरणारा माणूस असं बोलतो का?

साठीही झाली नव्हती हो त्याची.

नव्वदीचं दशक होतं. बाजार नुकताच उघडला होता. डीएनए कापायच्या ज्या एन्झाइमसाठी आधी परवान्यांच्या मागे चपला झिजवाव्या लागायच्या, ते आता बर्फाच्या डब्यात बसून कुरियरने यायचं. डबा आला की दादा पेढे वाटायचा. हैदराबादच्या गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते, सगळ्यांची मुलं अमेरिकेच्या वाटेवर. आणि आम्ही दोघं लॅबमध्ये गाठींचे तुकडे घेऊन बसलेलो.

आमचा प्रश्न साधा होता. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर जगतो. हार्मोन तोडलं की गाठ आकसते. घरचे देवाला नारळ फोडतात. मग काही काळाने ती गाठ हार्मोनशिवाय जगायला शिकते आणि दुप्पट जोराने उठते.

ती हे शिकते कशी? तिच्या जीन्समध्ये नेमकं काय बदलतं?

हे कळायला तुलना लागते. एकीकडे गाठीतला डीएनए, दुसरीकडे निरोगी माणसाचा. त्याला आम्ही कंट्रोल म्हणायचो.

पेशंट सापडायचे. निरोगी माणूस सापडायचा नाही. रक्त म्हटलं की धडधाकट माणसं पळायची.

शेवटी दादाने शर्टाची बाही वर केली. "घे. मी आहे ना. परेशान कायको होतेस?"

तेव्हापासून तोच आमचा कंट्रोल. संपलं रक्त की वर कर बाही. आम्ही त्याला साजूक तूप म्हणायचो. तोही मिरवायचा. वहिनी म्हणाल्या, एकदा चेकअप करून घ्या, की याचं ठरलेलं, "लॅबमध्ये जाऊन विचार, निरोगी कोण ते!"

गंमत गंमत म्हणता त्याचा त्यावर विश्वास बसला. मला आता त्याचाच राग येतो.

कंबर दुखायला लागली तेव्हा त्याने रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या घातल्या. मग खुर्ची बदलली. मग गादी बदलली. प्रोस्टेट कॅन्सर हाडांत उतरला की आधी कंबर धरतो, हे त्याने कितीतरी पोरांना शिकवलं होतं.

तपासणी झाली तेव्हा हाडांत पसरलेला होता.

हार्मोन तोडलं. गाठ आकसली. सगळे खूश. दादा तेवढा गप्प होता, कारण पुढचं पान त्याला पाठ होतं. पण इतक्या लवकर उलटेल हे त्यालाही वाटलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी त्याची जेनेटिक टेस्ट केली. डीएनए दुरुस्त करणारा एक जीन जन्मापासून बिघडलेला निघाला. असा बिघाड असला की हा कॅन्सर फार आडदांड होतो.

दादाने मला फोन केला. हसत होता.

"वृंदे, आपला कंट्रोल बाद झाला बघ."



त्या काळी आम्ही वेगळ्याच जीनकडे बघत होतो, त्यामुळे त्या रक्तात हे कुणाला दिसलंच नसतं. पण एक गोष्ट काही मनातून जात नाही. प्रत्येक पेशंटला आम्ही खोदून खोदून विचारायचो. वडील कशाने गेले? काका? आत्या?

कंट्रोलला कोण विचारतं?

दादाचे वडील मलकपेठच्या घरी कंबर धरून धरून गेले. त्याची आत्या छातीच्या गाठीने गेली. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही वेळा मी स्वतः भेटायला गेले होते.

आता प्रश्न ऋचाचा होता. दादाची एकुलती एक लेक. बापाचा तो जीन लेकीत उतरण्याची शक्यता निम्मी. उतरला असेल तर तिला छातीचा, अंडाशयाचा धोका. वेळेत कळलं तर पुष्कळ काही करता येतं.

ऋचा म्हणाली, "मला कळायलाच नको."

दादाने जबरदस्ती केली नाही. मला म्हणाला, "तू समजाव. पण ओरडू नक्को."

मी ओरडलेच. तिने माझे फोन घेणं बंद केलं. दादाला शेवटपर्यंत हीच एक काळजी होती. परवाच्या कॉलवरही, माझ्या जेवणाची चौकशी झाल्यावर, हळूच म्हणाला, "पोरगी काही बोलली का ग?"

नाही म्हणाले मी. काय सांगणार होते?

आज दुपारी सगळे स्मशानातून परतले. बरकतपुऱ्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही सतरंजीवर बसलो होतो.

ऋचा माझ्या शेजारी येऊन बसली.

"आत्या, बाबा लॅबमध्ये पहिल्यांदा ब्लड दिले तेव्हा किती मोठे होते?"

"तुझ्याएवढाच असेल ग."

तिने सगळ्यांदेखत कुर्त्याची बाही वर सरकवली आणि हात माझ्यापुढे धरला.

"घ्या मग."

"अग, आज नको. आज काय हे."

"मग केव्हा? बाबा पण नंतर, नंतरच करायले होते ना?"

वहिनी इतका वेळ दगडासारख्या बसल्या होत्या. तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

हे वाचताय ना, मग आज एवढंच करा. आपल्या घरात कोण कशाने गेलं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. आम्ही सगळ्या गावाला विचारलं, आमच्या माणसाला विचारायचं राहिलं.

सोमवारी मी ऋचाला घेऊन टेस्टला जातेय.

दादा, लेकीने बाही वर केली रे. आता काळजी करू नको, जा सावकाश.