शैलाताई दुपारी कुठे जायच्या

फोन आला तेव्हा मी स्वारगेटला बसची वाट पाहत होते. शैलाताई झोपेतच गेल्या, असं त्यांच्या धाकट्या बहिणीनं सांगितलं. ताईंच्या मोबाईलवरून शेवटचा फोन मलाच झाला होता, म्हणून मला कळवलं. या बहिणीला मी कधी भेटलेच नव्हते...

आमचा एक छोटा गट आहे. नशेच्या ओव्हरडोसमधून वाचलेला माणूस दवाखान्यातून घरी आला, की आम्ही त्याला भेटायला जातो. शैलाताई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घरात कुणाला कसलं व्यसन नव्हतं. मग त्या इकडे कशा वळल्या, याचं मला कायम कुतूहल. एकदा विचारलंच. "चौकशी करायला घरातलंच कुणीतरी मरायला टेकलेलं लागतं का?" त्या म्हणाल्या. विषय संपला.

नीलेश आम्ही भेटायला गेलेल्यांपैकी एक; यवतमाळकडचा, आयटीतला, पुण्याजवळ मांजरी गावात नव्या इमारतीत मित्राबरोबर राहणारा. जो तो येऊन उपदेश करून गेल्यामुळे तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. शैलाताईंनी खिडकीबाहेरचा ऊस पाहिला आणि विचारलं, तुमच्याकडे कापूस कधी वेचतात? तो त्यांच्याकडे वळला, आणि पुढे सगळं बोलणं कापसावरच झालं. निघताना ताईंनी त्याच्या मित्राला बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते स्वतः फरशीवर आडवं होऊन दाखवलं. पोलिसांच्या भीतीनं रुग्णवाहिका बोलवायला थांबू नका, असंही बजावलं.

काही महिन्यांनी नीलेशनं पुन्हा घेतलं. या वेळी मित्रानं लगेच रुग्णवाहिका बोलावली, म्हणून तो वाचला. मी चिडले होते. शैलाताई त्याच्यासमोर बसून शांतपणे म्हणाल्या, "मागच्या वेळी वेचणीपर्यंत आलो होतो. पुढे काय करतात?" तो रडला. त्यानंतर उपचारांना तयार झाला.

ताईंचं दिवसकार्य झाल्यावर नीलेश आणि मी कर्वेनगरला त्यांच्या घरी गेलो. बहिणीनं आम्हाला ताईंच्या खोलीत बसवलं. "ती दुपारी संस्कृतच्या वर्गाला जायची. आपण तिथलेच ना?" त्यांनी विचारलं. भेटलेल्या माणसाची गोष्ट बाहेर काढायची नाही, हा आमचा दंडक. मी नीलेशकडे पाहिलं.

"त्या माझ्याकडे यायच्या," नीलेश म्हणाला. "मी नशेनं मरत होतो."

बहिणीनं त्याच्याकडे नीट पाहिलं, बाहेरून एक खुर्ची आणली आणि त्याच्यासमोर बसल्या.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "आम्हाला तिनं काहीच सांगितलेलं नाही."