चार महिन्यांची बाटली

"चार महिन्यांचं औषध एकदम द्या," असं कोणी म्हणालं की अजूनही माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं म्हातारा चिडका आहे. आहेच. पण या एका गोष्टीवर मी का चिडतो, ते मी घरातही कधी धड सांगितलेलं नाही.

पन्नासच्या दशकात मालवणच्या बाजारालगत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून लागलो. मिक्श्चर ढवळायचं, बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, खलात गोळ्या कुटून पुड्या बांधायच्या, हे माझं काम. हात चांगला होता आणि त्याचा मला गर्वही होता. झोपेच्या गोळ्यांचं कपाट मात्र वेगळं, कुलपातलं. त्याची किल्ली माझ्या करगोट्याला असायची, पण कपाट उघडायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

त्या गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टर भलते हट्टी होते. आठवड्याच्या वर कोणालाही द्यायच्या नाहीत. सात दिवसांच्या सात पुड्या, आणि त्याही रोग्याच्या हातात नाही, घरातल्या एका ठरलेल्या माणसाच्या हातात. पुढच्या खेपेला सातही रिकामे कागद परत आणायचे. शिवाय रोग्याने स्वतः यायचं, आत जाऊन डॉक्टरांसमोर पाच मिनिटं बसायचं. डोंगराआडून चालत येणाऱ्या माणसांनाही यात सूट नव्हती. मला हा सगळा नसता खटाटोप वाटायचा. गोळी तीच, माणूस तोच, मग दर आठवड्याला ही वरात कशाला?

त्या वरातीत माझी सख्खी बहीण होती.

बाय माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालणारी तीच. खाडीपलीकडच्या गावात दिली होती. नवरा मुंबईत गिरणीत, घरात ती आणि सासू. तिचं पोर दोन वर्षांचं होऊन तापाने गेलं आणि त्यानंतर बायची झोप उडाली. चुलीवर भात करपला तरी बघत बसायची. कधी उठून सरळ पाण्याच्या दिशेने चालू लागायची. गावाने देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, कोंबडाही दिला. शेवटी रत्नागिरीला वेड्यांच्या इस्पितळात नेली, तिथे चार महिने होती. परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी तिचं औषध हाती घेतलं आणि दर शनिवारी ती सासूबरोबर तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसून मालवणात येऊ लागली. वर्षभरात बरीच सावरली. केस विंचरलेले असायचे. एकदा तर तिने माझ्यासाठी पानात बांधून खटखटे लाडू आणले, तेव्हा मी पुड्या बांधता बांधता रडलो होतो.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागात प्रत्येक घर पुरमेंत करतं. म्हणजे चार महिन्यांची बेगमी. तांदूळ, मिरच्या, सोलं, सुके बांगडे, लाकडं, सगळं मृगाच्या आधी घरात भरलेलं हवं. एकदा खाडीला लोंढा आला की तर बंद पडते, आणि पलीकडचा माणूस पलीकडेच राहतो. भरून ठेवणं हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं, की ज्याच्या घरात वैशाखात मडकी भरलेली नाहीत त्याला आम्ही नादान समजतो.

मी डॉक्टरांना म्हटलं, "पावसात तिला दर शनिवारी येता येणार नाही. चार महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊन ठेवूया."

त्यांनी वर न बघताच सांगितलं, "नाही. पावसाळ्यात तिला तुझ्याकडे आणून ठेव."

बोलणं संपलं. खरं सांगायचं तर त्यांचा उपाय सरळ होता आणि माझ्या हातातला होता. पण माझ्या दोन खोल्या, बायको सातव्या महिन्यात. अजूनही काही दिवस दुपारपासून भिंतीकडे तोंड करून बसणारी बहीण, पोर गेलेली बहीण, बाळंतिणीच्या घरात चार महिने? शेजारी काय म्हणतील, हे मी बायकोच्या तोंडी घातलं. ती बिचारी तसं काहीच बोलली नव्हती. मलाच ती घरात नको होती. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मग डॉक्टर दोन दिवस सावंतवाडीला लग्नाला गेले. मी कपाट उघडलं आणि एका मोठ्या बाटलीत चार महिन्यांच्या गोळ्या भरल्या. ते आले की सांगणार होतो. आले, आणि मी सांगितलं नाही. पुढे बाय येईनाशी झाली, तेव्हा ती पावसाळ्यापुरती मुंबईला नवऱ्याकडे गेली असं सांगून मोकळा झालो.

रविवारी मी तरीने पलीकडे गेलो. बाय खळ्यात मिरच्या वाळत घालत होती. मी बाटली पुढे केली.

"ह्या काय?"

"तुझा औषध. दसऱ्यापर्यंतचा. पुरमेंतच समज."

तिने बाटली हातात घेतली, उन्हात धरून बघितली. "मगे आता शनवारी माका येवक नको?"

"नको गो बाय. निवांत रव घराकडे. कित्याक तो तरीचो त्रास?"

"डाक्टरांनी सांगल्यानी?"

मी म्हटलं, "होय."

"बरा," ती म्हणाली आणि पुन्हा मिरच्या पसरू लागली.

सासू मात्र खूश झाली. "बरा केलंस रे बाबा. लावणीच्या दिसात माझो एक दीस मोडता." तिने बाटली नेऊन चुलीवरच्या माळ्यावर ठेवली, सुक्या बांगड्यांच्या मडक्याशेजारी. एक गोळी रोज संध्याकाळी तुम्हीच द्या, असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. बाटली बायच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, हे सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. मी कंपाउंडर! परतताना तरीत मी शीळ घालत होतो. बहिणीची सोय केली, या आनंदात होतो.

आषाढ संपता संपता, सासू लावणीला गेली असताना एका दुपारी बायने ती बाटली संपवली. निरोप माझ्याकडे दोन दिवसांनी पोचला, कारण तर बंदच होती आणि माणूस वरच्या अंगाने, डोंगराच्या वाटेने आला. मी पोचलो तोवर सगळं उरकलेलं होतं. सासू मला बघून म्हणाली, "माका वाटला निजली आसा. बऱ्याच दिसांनी निजली, म्हणान मी उठवूक नाय." दोष तिचा नव्हता. मी तिच्या पायाशी बसलो आणि मला रडूही येईना.

डॉक्टरांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि मी करगोट्याची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. मला वाटलं होतं हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं चिठ्ठीवर मिक्श्चर लिहून दिलं आणि मी ढवळत बसलो. त्या महिन्यात मला मुलगी झाली. बारशाला आत्याची जागा रिकामी होती, म्हणून दुसऱ्याच कोणीतरी तिच्या कानात नाव सांगितलं.

दोन वर्षांनी किल्ली माझ्याकडे परत आली. त्यानंतर मी डॉक्टरांपेक्षा खडूस झालो. पावसाळ्यात पलीकडच्या रोग्यांना अलीकडे कोणा नातेवाइकाकडे राहायला लावलं, नसेल नातेवाईक तर माझ्या पडवीत ठेवलं. एक जण महिनाभर राहिला, रोज माझ्या बायकोला शिव्या द्यायचा. लोक तोंडावर म्हणायचे, ह्या कंपाउंडराच्या अंगात डॉक्टर शिरलो. म्हणू देत.

साठच्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. आम्ही दोघं कपाटं रिकामी करत होतो. इतक्या वर्षांत बायचा विषय त्यांनी काढला नव्हता, मीही नाही. त्या दिवशी खुर्चीवर टेकून ते म्हणाले, "तुझी बहीण आत बसून काय बोलायची, ते तू कधी विचारलं नाहीस."

माझ्या हातातली बाटली मी खाली ठेवली.

"फारसं काही नाही. मी विचारायचो, ती मान हलवायची. पण उठताना दर वेळी एकच विचारायची, 'फुडल्या शनवारी येव मां?' मी म्हणायचो, ये, मी वाट बघतो. मग जायची."

डॉक्टरांनी सांगितलंय, असं खोटंच सांगून तिला येऊ नको म्हणणारा मी होतो. खळ्यात उभं राहून तिने मला 'डाक्टरांनी सांगल्यानी?' हेच विचारून घेतलं होतं. तिची वाट बघणारा एक माणूस या जगात होता, आणि त्यालाही ती आता नको झाली, असं समजून माझी बहीण गेली.