ज्यांनी गाभाऱ्याचा आवाज राखला

संस्थान विलीन झाले त्या वर्षी शाहूपुरीतल्या आमच्या शाळेत मी संगीतशिक्षिका म्हणून रुजू झाले. पहिल्याच दिवशी शास्त्राचे शिक्षक श्रीधरपंत हेरलेकर रिकाम्या वर्गात टाळ्या वाजवताना दिसले. "बाई, ही खोली आवाज गिळते," ते म्हणाले. "जुनी देवळं तो परत देतात."

रविवारी सर सायकलवरून दगडी देवळे पाहत हिंडत. गाभाऱ्यात कोणता सूर किती रेंगाळतो, याची टिपणे ठेवत. ती देवळे बांधणाऱ्यांना दगडाइतकेच माणसाचे मनही कळत होते, अशी त्यांची धारणा. मात्र स्वतः मोजले नाही ते ठामपणे सांगायचे नाही, हा त्यांचा नेम.

पुढे माझे पती अल्पशा आजाराने गेले. त्यानंतर शाळेतल्या मुलींना मी नुसत्या पेटीवर शिकवी; स्वतःचा आवाज लावत नसे. वर्षभराने सर आणि त्यांच्या पत्नी सुशीलाताई घरी आले. पेठ वडगावजवळच्या एका देवळात पंच गाभाऱ्याला गिलावा करणार होते. "त्यांना तिथला नाद ऐकवायचाय," सर म्हणाले. "मला सूर धरता येत नाही. तुम्ही याल?"

मी गेले. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी राहून षड्ज लावला, तो चिरकला. "सावकाश," सर म्हणाले, "घाई कुणालाच नाही."

दुसऱ्यांदा सूर लागला. मी थांबले तरी तो थांबला नाही; माझाच आवाज चहूबाजूंनी मला भेटायला आला. मला रडू आवरेना. सुशीलाताईंनी जवळ घेतले. सर घड्याळ पाहायचे विसरून तोंड फिरवून उभे राहिले.

पंचांतले एक म्हातारे गृहस्थ गाभाऱ्याच्या काळ्या भिंतीवर हात फिरवू लागले. मग म्हणाले, "गिलावा केला तर ह्यो आवाज जाईल व्हय?"

"कमी होईल, असं वाटतं," सर म्हणाले. " खात्रीनं नाही सांगता येत."

"मग ऱ्हाऊ द्या की भिती काळ्या!"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी गायले.

सुशीलाताई स्वतः सुरेख भजने म्हणतात, हे मला गेल्या वर्षी कळले. मग त्या दिवशी मला कशाला नेलेत, असा मी सरांना जाब विचारला. "त्या दिवशी हिचा घसा बसला होता," ते खाली पाहत म्हणाले. सुशीलाताई हसू लागल्या, "माझा घसा? छान होता की!"

आज सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी शतायुष्य लाभो, सुशीलाताईंची सोबत अखंड राहो, आणि त्यांच्या मायेत आम्हांला असेच गात राहता येवो.