हॉस्टेलचा भात आणि वचनाची पहिली ओळ

एग्मोरजवळच्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत कनका टीचर गणित शिकवायच्या. घर तंजावरी मराठी, देव्हाऱ्यात तुळजाभवानी. पण शाळेची प्रार्थना त्यांना आरतीइतकीच पाठ. चिडल्या की मराठी, तमिळ आणि इंग्रजी एकाच वाक्यात कोंबायच्या.

त्सुनामीनंतर एन्नोरकडच्या कोळ्यांच्या मुली हॉस्टेलात आल्या. त्यांच्या ताटातला भात टीचरनी पाहिला. पिवळट, कुबट, आणि त्यात अळ्या. एक मुलगी माशाचे काटे काढावेत तशा त्या शांतपणे काढून ताटाच्या कडेला मांडत होती. मुलींसाठी देणगीत आलेला चांगला तांदूळ वॉर्डन सुगंधीबाई शिक्षकांसाठी शिजवायच्या. उरला की भावाच्या खानावळीत.

टीचर तडक हेडमास्तर अरुळराज सारांकडे गेल्या. सारांनी डोळे मिटले आणि चर्चमधल्या पेटीसारखा आवाज ताणला. "टीचssर, प्रभू काय सांगतो? दुसऱ्याचा न्याय करू नका. पाssवम, बिचारी ती सुगंधी."

स्टाफरूममध्येही तेच. "आपण कोण न्याय करणारे?" असं म्हणत सगळे पांढराशुभ्र भात चिवडत होते. रस्समचे ओघळ मनगटावरून चाटत होते.

घरी टीचरनी बायबल काढून ते वचन शोधलं. पुढच्याच ओळींत होतं: आधी स्वतःच्या डोळ्यातली तुळई काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कस्पट काढायला तुला नीट दिसेल.

"म्हणजे कस्पट काढायचंच आहे की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हे मेले पहिल्या ओळीवरच उठतात."

शेषाद्रींनी पेपर खाली केला नाही. "तुझी तुळई कोणती?"

कनका टीचरनी बायबल मिटलं. रोज दुपारी तो पांढरा भात त्याही जेवत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दहीभाताचा डबा आणला. ज्ञानम टीचरनी शेजारणीला कोपर मारलं. "पाहिलंस? सोवळं सुरू झालं. आता आपल्या हातचं चालत नाही." अख्खं टेबल माना डोलवू लागलं.

"सोवळं नाही हो," कनका टीचर म्हणाल्या. "किळस."

सकाळच्या प्रार्थनेत रोज एका शिक्षकानं कार्डावरची एक ओळ वाचायची, अशी रीत. टीचरची पाळी आली तेव्हा त्यांनी मुद्दाम तेच वचन घेतलं आणि तुळईपर्यंत, कस्पटापर्यंत वाचत राहिल्या. सार आधी खोकले, मग त्यांनी घंटा बडवली. टीचरनी घंटेवरून आवाज चढवला.

दुपारी त्या हॉस्टेलात मुलींच्या पंगतीत मांडी घालून बसल्या. सुगंधीबाई लगबगीनं शिक्षकांच्या पातेल्याकडे वळल्या.

"त्यातलं नको. यांच्यातलंच वाढा."

कुणीतरी सारांना बोलावून आणलं. टीचरनी भात हातानं कालवला आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "सार, कुणाचा न्याय करू नका. फक्त एक घास खा."

सारांनी ताटात पाहिलं. "आज... माझा उपाssस."

"उपाssस," पंगतीतून हुबेहूब तोच सूर आला आणि मुली खिदळल्या.

सारांचे कान लाल झाले. "दुसरा भात लावा," ते सुगंधीबाईंकडे न बघता म्हणाले आणि निघाले. बास, संपलं. वॉर्डन तीच, कमरेला कोठीच्या किल्ल्या त्याच.

कनका टीचर उठल्या. हातावरचा कुबट वास जात नव्हता. तोच हात त्यांनी सुगंधीबाईंपुढे धरला.

"किल्ल्या."